सेफ्टी मीटिंगच्या रजिस्टरात चहावालीची सही

जबाब दि. १२ फेब्रुवारी, गुरुवार, दुपारी १२.१० वा. सुरू

नाव : सत्यभामा दयाराम सुखदेवे. वय : आधार कार्डात ६८, खरं कोणी लिहून ठेवलं नाही. धंदा : भनपुरीच्या पोहा मिलमधी चहा करणे. शिक्षण : दुसरी, त्यातली अर्धी. राहणार : गुढियारी, रायपूर.

मी वरील ठिकाणी राहते. माझे मालक दयाराम रेल्वेत खलाशी होते, ते वारले. घरी मुलगा, सून आणि नात दीपमाला, वय २७. पोलीस म्हणत होते, आजी, तुमचं वय झालं, आम्ही घरी येऊन लिहून घेतो. मीच म्हटलं, नाही, मी ठाण्यात येते. मले हिंदी समजते पण सारं सांगता येत नाही, म्हणून हवालदार गौतम मेश्राम, मूळचे गोंदियाकडले, यांनी मराठीत लिहून घेतलं. खुर्ची देली, पंखा माझ्याकडे फिरवला. मंगळवारी मिलमधी जो अपघात झाला त्याबद्दल समक्ष विचारल्यावरून सांगते की,

काल बुधवारी सकाळी पहिले आली ते विनोदिनी. ती आमच्याच गल्लीतली, मिलमधी झाडू मारते. साडेसात वाजले असतील. चपला न काढता आत आली आणि म्हणाली, "मावशी, तुमची सही खोटी आहे म्हणून राहिले." मी म्हटलं, कोण? म्हणाली, "भार्गवसाहेब. पोलिसायले सांगतलं का सेफ्टीची मीटिंग कधी झालीच नाही, दीपमालानं घरी बसून रजिस्टर भरलं. म्हणे, पाहा, याच्यात चहावालीची बी सही आहे, चहावालीचा मीटिंगशी काय संबंध? सगळं बोगस आहे." भार्गवसाहेब म्हणजे मिलचे मॅनेजर. चौबे कॉलोनीत राहतात, मराठीच आहेत, पण मिलमधी हिंदीच बोलतात.

मी विनोदिनीले चहा देला. दीपमाला आतल्या खोलीत होती, तिले ऐकू गेलं. ती बाहेर आली नाही.

म्हणून पहिले सहीचं सांगते. रजिस्टरात माझी सही एकेचाळीस ठिकाणी आहे. ती माझीच आहे. विहारात बायांचा वर्ग चालायचा, तिथं शिकली. 'सत्यभामा' मोठं नाव आहे, लिहायले वेळ लागतो. मागचे लोकं म्हणत, "दाई, जल्दी कर, चाय ठंडी होथे." इकडं आईले दाई म्हणतात. मी घाई केली नाही. आज ठाण्यात मले कोऱ्या कागदावर सहा वेळा सही करायले लावली. सहाही सारख्या आल्या. ठाण्याच्या साहेबायनं भिंग लावून पाहिल्या. मी म्हटलं, अजून करून देऊ का? ते पुरे म्हणाले.

माझी सही तिथं काहून, असं विचारल्यावरून सांगते की, दीपमाला सात महिन्यांपासून मिलमधी दिवसपाळीची सुपरवायझर आहे. मी तिथं चार वर्षांपासून चहा करते, म्हणजे मी तिच्या आधीची आहे. सुरुवातीला ती मीटिंग घ्यायची ते संध्याकाळी, पाळी सुटतानी, ऑफिसच्या ओसरीत. हातात छापलेला कागद, त्याच्यात अठरा गोष्टी. सगळ्या वाचायची. लोकं डब्याच्या पिशव्या घेऊन उभे, एक पाय फाटकाकडे. शेवटी विचारायची, "समझ गए?" सगळे म्हणायचे, "हव." सही करून पळायचे. दुसऱ्या दिवशी हेच लोकं चालत्या रोलरखाली वाकून पोहे काढायचे. त्यात विनोदिनी पण होती. तिनं इथं लिहा म्हटलं आहे, म्हणून लिहायले सांगते.

एका दिवशी दीपमाला घरी आली, ताट वाढलेलं तसंच राहिलं. म्हणाली, "आजी, मी काय कमी सांगून राहिली?" मी म्हटलं, पोट्टी, तू कमी नाही, जास्त सांगून राहिली. आणि 'हव'वर जाऊ नको. या मुलखात तोंडावर नाही म्हणत नाहीत, ते वाईट दिसते. मी पवनीहून लग्न होऊन आली तेव्हा सासूच्या प्रत्येक गोष्टीले हव म्हणायची. तिनं एकदा विचारलं, कढीले फोडणी देता येते का? हव म्हटलं. कढी फाटली. दुसऱ्या दिवशी तिनं विचारलंच नाही, म्हणाली, देऊन दाखव. तेव्हापासून येते. तुझ्या मीटिंगमधी कोणी हव म्हटलं का त्याले म्हणाव, करून दाखव.

हवालदारांनी विचारलं, कढीचं लिहायचं का? मी म्हटलं, लिहा, त्याच्यावरच पुढचं आहे.

२२ डिसेंबरपासून दीपमालानं नवीन रजिस्टर घातलं आणि मीटिंग सकाळी नऊले दहा कमी असतानी ठेवली, मशीन चालू व्हायच्या आधी. दहा मिनिटं. नऊचा भोंगा झाला का बंद, बोलणं अर्धं राहिलं तरी बंद. ओसरीत नाही, ज्या मशीनचं बोलायचं त्या मशीनपाशी उभं राहून. एका दिवशी एकच गोष्ट. चहा पहिले मिळायचा तो तिनं मीटिंगनंतर केला. याच्यावर माझं आणि तिचं भांडण झालं, कारण चहा उकळून कडू होतो. ती म्हणाली, "आजी, चहा घेतला का लोकं जातात." ते खरं आहे. मी दूध उशिरा घालायले लागली.

मीटिंगमधी पहिले ती काल कोणी काय म्हटलं होतं ते सांगायची, आणि त्याचं काय झालं ते. झालं तर झालं, नाही तर नाही झालं, काहून नाही तेही. मग आजची गोष्ट. सांगायची नाही, विचारायची. इथं कोणाले कधी लागलं आहे? आणि गप्प उभी राहायची. एकदा इतका वेळ गप्प राहिली का शेवटी मीच बोलली, का मी किटली घेऊन येते तिथल्या पायरीवर भिजलेल्या धानाचं पाणी असते, माझा पाय दोनदा सरकला. तिनं ते माझ्या नावानं लिहिलं. तिसऱ्या दिवशी पायरीवर रबराची पट्टी आली. चार वर्षांत मी ते कोणाले सांगितलं नव्हतं. कोणी विचारलं नव्हतं.

विनोदिनीनं एकदा स्वतःहून सांगितलं का कालच मी रोलरमधी हात घातला होता, बांगडी फुटली म्हणून वाचली. भार्गवसाहेब तिथून जाऊन राहिले होते, ते थांबून तिले बोलायले लागले. दीपमाला म्हणाली, "सर, आज इसको डांटोगे तो कल कोई नहीं बताएगा." साहेब म्हणाले, "तुम मुझे सिखाओगी?" तिनं ते रजिस्टरात लिहून घेतलं. विनोदिनीले मात्र रोलरपाशी लाकडी खुरपणं मिळालं, लांब दांड्याचं, हात न घालता पोहे ओढायले.

मी मीटिंगमधी काहून, तर दीपमालाचा नियम होता का भिंतीच्या आत जो आहे तो मीटिंगमधी आहे. १९ जानेवारीले लाल बटनाची मीटिंग होती. खांबावर बटन आहे, दाबलं का सगळं बंद. सगळ्यायनं एक एक करून दाबलं. मी म्हटलं, मी चहावाली, मले काय करायचं? ती म्हणाली, "तू भिंतीच्या आत हायेस ना? दाब." माझा हात पोचला नाही. लोकं हसले. दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियन आणून तिनं बटन एक वीतभर खाली घेतलं. भार्गवसाहेब म्हणाले, एका चहावालीसाठी? त्याचं उत्तर तिनं काय देलं ते मले ऐकू आलं नाही, कारण मी तेव्हा कप धुऊन राहिली होती.

आता कुलपाचं सांगते. मिलमधी एलेव्हेटर आहे, भिजलेलं धान डब्या-डब्यांनी वर भट्टीकडे नेते. त्याच्या बुडाशी खड्डा आहे. धान अडकलं का माणूस खड्ड्यात उतरून मोकळं करते. वरून कोणी मशीन चालू केली तर खालच्याचं काय होते, ते सगळ्याले माहीत आहे. म्हणून जानेवारीत दीपमालानं खड्ड्यात उतरणाऱ्या तिघायले एक एक कुलूप देलं. उतरायच्या आधी स्विचच्या पेटीले आपलं कुलूप लावायचं आणि किल्ली आपल्यापाशी ठेवायची. हरिदास निषाद हा त्यातला जुना माणूस. त्यानं किल्ली कमरेच्या करगोट्याले बांधली. खिसा फाटते, करगोटा नाही तुटत, असं त्याचं म्हणणं.

२८ जानेवारीच्या मीटिंगमधी विनोदिनीनं विचारलं, "दीदी, ताले के साथ तो दो चाबी आती है. दूसरी कहां है?" दीपमालाले माहीत नव्हतं. तिनं तसं सगळ्यासमोर म्हटलं, का मले माहीत नाही, उद्या सांगते. दुसऱ्या दिवशी सांगितलं, दुसऱ्या किल्ल्या मॅनेजरच्या टेबलाच्या दराजात आहेत, मागितल्या, देल्या नाहीत, परत मागते. ३१ तारखेले तेच. ५ फेब्रुवारीले तेच. तिन्ही दिवस रजिस्टरात लिहिलेले आहेत.

हे भार्गवसाहेबाले माहीत होतं का, असं विचारल्यावरून सांगते की, रजिस्टर दर शनिवारी त्यांच्या टेबलावर जायचं आणि ते आठवड्याच्या सगळ्या पानांवर सही करायचे. मी तेव्हा चहा घेऊन उभी असायची, कारण ते कप लगेच परत देतात. त्यांनी वाचलं का नाही ते मी सांगू शकत नाही. फोनवर बोलून राहिले होते. सही त्यांचीच, माझ्यासमोरची. त्यांचं नाव लहान आहे, पटकन होते.

घटना मंगळवार, १० फेब्रुवारी. सकाळी मीटिंग झाली, मी सही केली. अकराच्या सुमारास नागपूरचे दोन व्यापारी मिल पाहायले आले. भार्गवसाहेबानं दीपमालाले मागच्या गोदामात बारदाना, म्हणजे रिकामी पोती, मोजायले पाठवलं. अकरा-वीसला एलेव्हेटर अडकला. हरिदासनं स्विचच्या पेटीले कुलूप लावलं आणि खड्ड्यात उतरला. मी हे पाहिलं, कारण त्यानं उतरतानी मले म्हटलं, "दाई, मोर चाय ढांक के रख," म्हणजे माझा चहा झाकून ठेव.

मले व्यापाऱ्यायसाठी चहा आणायले सांगितलं होतं. मी किटली घेऊन आली तेव्हा भार्गवसाहेब त्या दोघांना घेऊन पेटीपाशी उभे होते. मशीन बंद पाहून म्हणाले, "किसका ताला है?" मग, "ये लोग लगा के भूल जाते हैं." मग खड्ड्याकडे तोंड करून, "कोई है नीचे?" भट्टीचा आवाज मोठा असते. हरिदास एका कानानं कमी ऐकते. कुलूप लागलेलं असल्यावर विचारायचं काय होतं, ते मले माहीत नाही. साहेब ऑफिसात गेले, दुसरी किल्ली घेऊन आले, कुलूप काढलं. मी म्हटलं, "साहेब, हरिदास." त्यांनी ऐकलं नसेल. मी किटली घेऊन होती, लोकं चहावालीचं बोलणं चहाचंच समजतात. त्यांनी मशीन चालू केली.

मी लाल बटन दाबलं.

किती वेळ चालली असं विचारल्यावरून सांगते की, तीन-चार डब्बे गेले असतील. किटली हातातून कधी सुटली ते आठवत नाही. चहा एका व्यापाऱ्याच्या बुटावर गेला, त्याबद्दल मी माफी मागितली आहे. खड्ड्यातून आवाज आला. भार्गवसाहेब मराठीत बोलले. काय बोलले ते लिहू नका, ते आईचं नाव घेतलं होतं, घाबरलं का सगळेच घेतात. विनोदिनी पळत गोदामाकडे गेली. दीपमाला आली, पहिले पेटीचा खटका खाली केला, विनोदिनीले म्हणाली, "याच्यासमोरून हलू नको, कोणी आलं तरी," आणि मग खड्ड्यात उतरली.

हरिदासची डाव्या हाताची दोन बोटं मोडली, तिसऱ्याचं नख गेलं. डॉक्टर म्हणाले, हात वाचला. दवाखान्यात कपडे काढतानी करगोटा पण काढा म्हटलं, त्यानं काढू देला नाही. किल्ली अजून त्याच्यापाशीच आहे. काल संध्याकाळी पोलीस तिथंच जाऊन किल्ली कुलपाले लावून पाहून आले. मी मंगळवारी आणि काल, दोन्ही दिवस त्याच्यासाठी खिचडी घेऊन गेली होती. उजव्या हातानं जेवला, दोनदा मागून घेतली.

त्यानंतर भार्गवसाहेबानं पोलिसायले काय सांगितलं ते वर विनोदिनीच्या तोंडून आलं आहे. कुलूप-किल्लीचा नियम कोणाले शिकवलाच नव्हता, सुपरवायझरनं हलगर्जी केली, असं. मंगळवारी संध्याकाळी दीपमालाले इथं चार तास बसवलं, बुधवारी परत बोलावलं. घरी आली तर हातपाय धुऊन सरळ झोपायले गेली. एवढंच.

रजिस्टरात खोटी सही एखादी आहे का, खरं सांगा, असं साहेबायनं विचारलं. तर सांगते. २२ जानेवारीले माझा गुडघा धरला होता, मी नऊनंतर पोचली. मीटिंग होऊन गेली होती. मी रजिस्टर ओढलं आणि सही करायले बसली, जागा रिकामी होती. दीपमालानं रजिस्टर काढून घेतलं. मी म्हटलं, एका दिवसानं काय होते, मी तुझी आजी हाव. ती म्हणाली, "म्हणूनच." आणि माझ्यासमोर त्या जागेत लिहिलं, 'आजी गैरहजर'. चार लोकायसमोर. मी दोन दिवस तिच्याशी बोलली नाही. घरी ती जेवायले वाढायची आणि मी भिंतीकडे पाहून जेवायची.

साहेबायनं रजिस्टर उघडून ते पान काढलं. २२ जानेवारी, माझं नाव, पुढं 'आजी गैरहजर', दीपमालाचं अक्षर. साहेबायनं ते दोनदा वाचलं आणि हवालदाराले दाखवलं. मग म्हणाले, "घर बैठ के रजिस्टर भरने वाली अपनी दादी को गैरहाजिर क्यों लिखेगी?" मी म्हटलं, तेच तर मी दोन दिवस विचारून राहिली होती, काहून लिहिलं म्हणून. मग ते पाच फेब्रुवारीचं पान, मग शनिवारच्या सह्या पाहत बसले. मले अजून एक चहा आणला. ठाण्याचा चहा पातळ आहे.

काल चार वाजता आमच्या घरी कारखाने तपासणाऱ्या खात्याचे दोघं आले होते, एक साहेब, एक मॅडम. त्यांचंही सांगते. मॅडमनं विचारलं, "अम्मा, मीटिंग में होता क्या था?" मी म्हटलं, सांगून समजत नाही, स्वयंपाकघरात या. दोघं आले. मी साहेबाले विचारलं, गॅस कुठून बंद होते? म्हणाले, "सिलेंडर के रेगुलेटर से, सबको पता है." मी म्हटलं, बंद करून दाखवा. सिलेंडर ओट्याखाली, पुढं तांदळाचा ड्रम. साहेबानं ड्रम ओढला, मग परात काढली, मग गुडघ्यावर बसले, तरी हात पोचला नाही. मॅडम मोबाइलमधी वेळ पाहून राहिल्या होत्या. सव्वा मिनिट, म्हणाल्या. मी विचारलं, मग काय करायचं? आणि गप्प उभी राहिली. मले गप्प राहणं जमत नाही हे सगळ्याले माहीत आहे, पण राहिली. शेवटी साहेबच म्हणाले, "ड्रम यहां से हटाना पड़ेगा." मी म्हटलं, कोण हटवते आणि कधी? त्यांनीच हटवला. आता ड्रम दाराजवळ आहे, सूनबाई नाराज आहे, कारण येता-जाता लागते. तेही उद्याच्या मीटिंगमधी घेऊ म्हटलं.

आतून दीपमाला हसली. दोन दिवसांत पहिल्यांदा.

मॅडमनं मग आतल्या खोलीत जाऊन तिच्याशी अर्धा तास बोलणं केलं. ते मी ऐकलं नाही. दार लावलं होतं आणि दारापाशी विनोदिनी माझ्या पुढं उभी होती.

मले या सगळ्यात कोणाविषयी दुश्मनी नाही. भार्गवसाहेब साखर कमी घेतात, कपबशी स्वतः उचलून ठेवतात. मंगळवारी दवाखान्यात ते बाकावर बसले होते, मी त्यायले पण खिचडी विचारली, ते नको म्हणाले. दुसऱ्या किल्ल्या मिलच्या आत राहू नयेत आणि माझ्या नातीनं जे केलं ते तिनं केलं म्हणून लिहावं, एवढंच माझं म्हणणं आहे.

ठाण्याच्या साहेबायनं आत्ता माझ्यासमोर सांगितलं का दीपमालाचं नाव ते साक्षीदारात घेतात, तिले घेऊन जा. ती बाहेर बाकावर बसली आहे. मी हवालदाराले म्हटलं, हेही लिहा. ते म्हणाले, आजी, हे जबाबात येत नाही. मी म्हटलं, येते.

हवालदार मेश्राम यांनी वरचं सगळं मले मोठ्यानं वाचून दाखवलं, कढीपासून तांदळाच्या ड्रमपर्यंत. मी म्हटलं तसंच आहे, कुठं वाढवलं नाही. दोन ठिकाणी मी थांबवून दुरुस्त करायले लावलं, ते केलं. कोणाच्या दबावानं सांगितलं नाही. अंगठा चालेल म्हणाले, पण मी सही केली.

सही : सत्यभामा

ता. क. (जबाब देणारीच्या सांगण्यावरून लिहिले) : तपासणी खात्याचे साहेब आणि मॅडम जातानी सांगून गेले आहेत का ते परत येतीन, या खेपेला मिलमधी, खड्ड्यापाशी. मीटिंग दीपमालाच घेईल असं मॅडमनं लिहून देलं आहे. हरिदासनं दवाखान्यातून निरोप धाडला आहे का त्या दिवशी पहिले तो बोलेल. यायचा दिवस : मंगळवार, १७ फेब्रुवारी, सकाळी नऊले दहा कमी.